घड्याळ लावून ड्रॉइंग येत नाही

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मार्क ६१ टक्के, ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) मनापासून आवडतं, आणि तुमची तक्रार अशी की तो लेयर (ड्रॉइंगमधले वेगवेगळे थर) आणि स्टाइलच्या (अक्षरं-मापं कशी दिसावीत त्या सेटिंगच्या) नादात एकेका ड्रॉइंगला तीन तास घालवतो, म्हणून तुम्ही रोज रात्री त्याच्या शेजारी घड्याळ लावून बसता आणि आता आणखी तीन सॉफ्टवेअरचे कोर्स लावायचं म्हणताय. ६१ टक्क्यांचं मला काही टेन्शन आलं नाही, त्या घड्याळाचं आलं. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की हल्ली तुम्ही खोलीत आलात की तो स्क्रीन मिनिमाइज करतो. तिथे मी थांबले. अहो, आवडीचं काम तो तुमच्यापासून लपवून करायला लागलाय! मुलाला कशातच रस नाही म्हणून रडकुंडीला आलेले पालक मला रोज भेटतात, तुमच्या मुलाला रस आहे आणि तुम्ही नेमका त्यावरच घाव घालताय. स्पष्ट बोलते, राग मानू नका, पण आधी ते घड्याळ बंद करा.

आता तुमचं ते वाक्य, "रेषा जाड काय नि बारीक काय, माप बरोबर आलं म्हणजे झालं." इथे तुमची मोठी चूक होतेय. वर्कशॉपमधल्या माणसाला स्क्रीनवरचे रंग दिसत नाहीत, त्याच्या हातात कागद असतो आणि तो रेषा वाचतो. जाड सलग म्हणजे दिसणारी कड, बारीक तुटक म्हणजे मागे लपलेली, एक लांब एक आखूड अशी बारीक रेषा म्हणजे सेंटर लाइन. आयएसओ १२८ या ड्रॉइंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात जाड-बारीकचं प्रमाणसुद्धा २:१ ठरलेलं आहे, म्हणजे कड ०.५ मिमी तर बाकीच्या ०.२५. समजा लाइनटाइप स्केल (तुटक रेषेचे तुकडे किती लांब ते ठरवणारा आकडा) चुकला, तुटक रेषा प्रिंटवर सलग आली आणि जाडीपण सगळीकडे एकच ठेवलेली, तर मागच्या बाजूने अर्ध्यापर्यंतच पाडायचं भोक कारागीर समोरून पाडून मोकळा होतो. माप बरोबर, जॉब भंगारात.

या सल्ल्याच्या कामाला लागण्याआधी मी काही वर्षं ड्रॉइंग ऑफिसात होते, तिथे एकाने घाईत डायमेन्शनचा म्हणजे मापाचा आकडा, जो सॉफ्टवेअर आपोआप मोजून लिहितं, तो हाताने टाइप करून ठेवलेला, १२०. पुढे प्लेट १२५ ची झाली, रेषा सरकवली, पण हाताने लिहिलेला आकडा काही बदलला नाही आणि सगळ्या प्लेटा ५ मिमीने कमी कापून आल्या. त्या माणसालाही वरून घाईच लावलेली होती, म्हणून तुमचं ते घड्याळ मला जास्तच टोचलं.

पण चिरंजीवांचंही सगळं बरोबर नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फाइल उघडून बघितल्या. सगळं ड्रॉइंग लेयर ० वर आणि प्रत्येक रेषेला रंग नि जाडी वेगवेगळी हाताने दिलेली, डिम स्टाइल (मापं कशी दिसावीत त्याची सेटिंग) चार, त्यातल्या तीन एकमेकींच्या कॉप्या, अक्षरांची उंची कुठे ३ कुठे ३.२. तीन तास जातात ते इथे. बाळा, हे तुझ्यासाठी: रंग, जाडी, लाइनटाइप सगळं लेयरला दे आणि रेषा बायलेयर ठेव, म्हणजे ती सगळं लेयरकडूनच घेईल, मग सेंटर लाइनची जाडी बदलायची तर एका जागी बदलते. एक टेक्स्ट स्टाइल, एक डिम स्टाइल, अक्षरांची उंची २.५, ३.५ आणि ५ मिमी एवढ्याच. हे आकडे उगाच नाहीत, प्रत्येक पुढचा साधारण १.४ पट आहे आणि ए३ वरून ए२ केला की कागदाची बाजूही तेवढीच वाढते, म्हणून २.५ चं अक्षर मोठं होऊन बरोबर ३.५ वर येतं. हे सगळं एका टेम्पलेटमध्ये (तयार सेटिंगच्या कोऱ्या फाइलमध्ये) सेव्ह कर आणि प्रत्येक नवीन ड्रॉइंग त्यातूनच सुरू कर. एक आठवडा लागेल, पुढे रोजचे तास वाचतील.

तीन कोर्सचे पैसे तूर्त ठेवून द्या. चौथं सॉफ्टवेअर शिकला तरी तिथेही तो रेषा हातानेच रंगवत बसणार. डिग्री की नोकरी ते शेवटच्या वर्षात बघू. मोठ्या ड्रॉइंग ऑफिसांत टेम्पलेट, लेयरची नावं, प्लॉट (प्रिंट) सेटिंग सांभाळायला खास माणूस ठेवतात आणि त्या कामाला याचा स्वभाव मला फिट वाटतो, पण नुसत्या लेयरवर तिथे कोणी उभं करणार नाही, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), फिट्स (दोन भाग एकमेकांत किती घट्ट-सैल बसतात) आणि मशीनिंग पक्कं लागतं. तिथे तो कच्चा असेल तर अभ्यासाचा आग्रह जरूर धरा.

रात्री शेजारी बसायचंच असेल तर त्याच्या ड्रॉइंगची एक प्रिंट हातात घेऊन बसा आणि विचारा, ही रेषा बारीक का रे? आणि टेम्पलेट झाला की फाइल त्याला स्वतःला पाठवायला सांगा, मी बघून कळवते.