फायटर माशाची जोडी अंडी घालताना मोबाइलवर नीट कशी शूट करावी?

नराने बुडबुड्यांचं घरटं बांधलंय, पण व्हिडिओत नुसता फेस आणि काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. मी घरी फायटरच्या जोड्या लावतो, त्यावरून एकच आग्रहाने सांगतो: शूटिंगची सगळी मांडामांड मासे सोडायच्या आधी करा. पहिल्या वेळी अंडी पडायला लागल्यावर मी घाईने जास्तीचा दिवा लावला. नर बिथरला आणि त्याने सगळी अंडी खाऊन टाकली. ते अजून मनाला लागतं.

पाणी पाच-सहा इंचच ठेवा. बबल रॅपचा तुकडा समोरच्या काचेला टेपने चिकटवून तरंगू द्या. नर बहुतेक त्याच्याच खाली घरटं करतो, म्हणजे फ्रेम तुमच्या हातात राहते. मागे काळा कागद लावा, नाहीतर पांढरी अंडी दिसतच नाहीत. दिवा वरून, बटर पेपरमधून, आणि दोन दिवस आधीपासून तोच. मोबाइल काचेसमोर सरळ, वीतभर लांब, मधल्या जागेवर काळं कापड, म्हणजे काचेत चेहरा दिसत नाही. अगदी टेकवला तर फोकस लागत नाही. कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर एलईडीच्या उजेडामुळे व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. फोकस घरट्यावर लॉक करून हात काढून घ्या.

नर कमानीसारखा वाकून मादीला कवेत घेतो आणि दोघं थिजतात. सुरुवातीच्या कित्येक मिठ्या रिकाम्या जातात, तेव्हा रेकॉर्डिंग बंद करू नका. मग राजगिऱ्यासारखे पांढरे दाणे खाली झरायला लागतात. नर आधी भानावर येतो, खाली झेपावून अंडी तोंडात गोळा करतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवतो. मादी अजून आडवी, निपचित तरंगत असते; मेली समजून जाळी घालू नका. नर तिला हाकलायला लागला की मात्र लगेच काढा.

दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात आणि शेपटी खाली करून घरट्याला लटकतात. एखादं गळून पडलं की बाप ते तोंडात धरून परत जागेवर ठेवतो. हे फारसं कुणी शूट करत नाही, मला तर मिठीपेक्षा हेच जास्त आवडतं. त्या रात्री मंद दिवा चालू राहू द्या, अंधारात त्याला पडलेलं पिल्लू सापडत नाही. पिल्लं आडवी पोहू लागली की नरालाही वेगळं करा.