ड्रिल मशीन आणू का, म्हणून विचारलंस

मेलबर्नला येताना ड्रिल, पाना-पक्कड, टेस्टर बॅगेत टाकू का, आणि घरातली बारीकसारीक कामं हातानं करता येतात का, हे तू विचारलंस. तिथले प्लंबर-इलेक्ट्रिशियन खिसा रिकामा करतात, असं तुझा मित्र म्हणाला. आपण दोघं कोल्हापूरचे, तू राजारामपुरीचा, मी मंगळवार पेठेतला आणि तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, म्हणून अरे-तुरे करतो. व्हिसा, त्याचे पॉइंट, बँक यांवर लिहीत नाही. ते सरकारी पानांवर आहे, आणि मी आलो २००८ साली, माझं त्यातलं ज्ञान आता रद्दीतलं.

ड्रिल आणू नकोस. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण पिन वेगळी, आणि इथं बनिंग्ज नावाच्या दुकानात ड्रिल सहज मिळतं. खरी भानगड भिंतीची आहे. आपल्याकडं विटेच्या भिंतीत भोक पाडायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू आवळायचा, आणि वर माणूस लटकला तरी हलत नाही. इथं आतल्या भिंती पोकळ. दहा मिलिमीटरचा जिप्समचा बोर्ड आणि मागं ४५० किंवा ६०० मिलिमीटरवर उभे लाकडी दांडे. दांडा सापडला तरच वजन टांगायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवघराची फळी मी गिट्टी मारून बसवली आणि आठव्या दिवशी ती अंबाबाईच्या फोटोसकट खाली आली. समई पेटवलेली नव्हती, एवढंच नशीब.

आणि घर १९९० च्या आधीचं असेल तर कुठंही भोक पाडायच्या आधी थांब. बाथरूमच्या, धुण्याच्या खोलीच्या भिंती, छपराची पुढं आलेली कड, इथं ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. आपल्या गोठ्यावर जो सिमेंटचा पत्रा असतो, ज्यावर चढून आपण पतंग काढले, त्याच जातीचं. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी आली, पण बंदी आली म्हणून भिंतीतलं कुठं जात नाही. तपासून घ्यायला पैसे पडतात. ते दे.

पहिली काही वर्षं तू भाड्यानंच राहशील, तेव्हा हात शिवशिवले तरी गप्प बस. गॅसची आणि विजेची तपासणी दर दोन वर्षांनी परवानाधारक माणसाकडून करून घेणं हे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, घरमालकाचं काम आहे. भाडेकरूच्या डोक्यावर ते नाही.

आता विजेचं. नळाचा वायसर बदल, बल्ब बदल, कोण काही म्हणत नाही. पण स्विच किंवा प्लग पॉइंट स्वतः बदलणं इथं बेकायदा आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं घेतलेला स्विचसुद्धा. दुकानात तो स्विच रांगेनं टांगलेला असतो, कुणीही विकत घेऊ शकतो, आणि खोक्यावर लिहिलेलं असतं की परवानाधारक इलेक्ट्रिशियननंच बसवायचा. शेजारच्या न्यूझीलंडात मालकाला एवढी मुभा आहे, त्यामुळं इथले गोरेही यावर कुरकुरतात. काम झालं की इलेक्ट्रिशियन सुरक्षिततेचा दाखला देतो. तो जपून ठेव.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपण कुठल्या गावचे? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा घडवला, ज्या गावात बंद पडलेलं कुठलंही यंत्र घेऊन उद्यमनगरातल्या वर्कशॉपात जायचं आणि 'बघा की वो, होतंय का' म्हणायचं, आणि ते संध्याकाळपर्यंत होतंय. त्यात माझे वडील, अप्पा, वायरमन. पेठेतल्या कितीतरी जुन्या घरांची लाकडी पट्टीवरची वायरिंग उतरवून त्यांनी नवी टाकली. खिशात टेस्टर, सायकलच्या दांड्याला वायरचं बंडल. अर्थिंगसाठी खड्डा काढून कोळसा-मीठ भरायचे आणि वर पाणी ओतायला मला लावायचे. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार घातलेली दिसली की घरमालक कितीही मोठा असो, त्याला झापायचे.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नियम आपल्याकडंही आहेत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच अशा बदलाबदलीपलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं, असं आपला कायदाही सांगतो. अप्पांकडं वायरमनचं परमिट होतं, ठेकेदाराचं लायसन नव्हतं. राबायचे अप्पा आणि वीजमीटरसाठी लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही लायसनवाल्या दुसऱ्याची. त्या सहीचे पैसे अप्पांच्या मजुरीतून जायचे. मला वाटायचं, जगाची रीतच अशी असेल.

आमच्या घरात पक्कड हातात घेतली की मार बसायचा. 'तू इंजिनिअर हो, हे मी करतोय ते पुरे.' झालो.

२०१३ ला इथं घर घेतलं. स्वयंपाकघरात मिक्सरसाठी ओट्याजवळ पॉइंट नव्हता. एका शनिवारी मेन बंद करून मी तो स्वतः ओढला. फोटो काढून अप्पांना पाठवला. तिकडून एकच प्रश्न, 'अर्थिंग घेतलंस न्हवं?' घेतलं होतं. शाबास म्हणाले नाहीत, पण पेठेत चार जणांना तो फोटो दाखवला असं आई सांगत होती.

सहा वर्षं पॉइंट नीट चालला. २०१९ च्या डिसेंबरात छपरावर सोलर बसवायला माणसं आली. त्यातल्या इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला, लाइन शोधत स्वयंपाकघरात आला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, आधीच्या मालकानं. त्यानं मान हलवली, पॉइंट तोडला, वर कोरी पांढरी पट्टी बसवून गेला. माझा पंधरा वर्षांचा मुलगा तिथंच उभा होता. पॉइंट ओढताना बॅटरी धरायला तोच होता. काही बोलला नाही.

माझं काम चुकीचं नव्हतं असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. इंजिनिअर माणूस, वायरमनचा पोरगा. पण भिंतीत वायर कुठून नेली ते फक्त मला माहीत होतं. उद्या घर विकलं आणि घेणाऱ्यानं नेमकं तिथं भोक पाडलं, तर? आपल्याकडं 'वायर कुठनं गेलीय' हे अप्पांना विचारता यायचं, ते दोन गल्ल्या सोडून राहायचे. इथं विचारायला माणूस नसतो, कागद असतो.

पुढच्या वर्षी, २०२० ला, मुलगा दहावीत. लॉकडाऊन, शाळेची मीटिंग स्क्रीनवर, मी त्याच ओट्याशी बसलेलो. व्हीसीई म्हणजे इथलं बारावीचं प्रमाणपत्र, त्याला पर्याय म्हणून तेव्हा व्हीकॅल हा व्यवसायशिक्षणाचा फाटा होता (२०२३ पासून त्याच्या जागी व्होकेशनल मेजर आलंय). बाई म्हणाल्या, मुलाचा कल तिकडं आहे, त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. माझं डोकंच फिरलं. आमचा रंग बघून पोराला हातकामाकडं ढकलता काय, इथपर्यंत बोललो. बाई गप्प राहिल्या आणि नंतर एक सरळ साधी ईमेल आली, की निर्णय कुटुंबाचा आहे. ती ईमेल अजून आहे माझ्याकडं. बाई चुकल्या नव्हत्या हे आता कळतं, पण त्या मीटिंगबद्दल कुणी विषय काढला की मला आजही राग येतो. कुणाचा, ते विचारू नकोस.

मुलगा बारावी झाला, मी म्हणालो म्हणून इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्या वर्षी सोडून घरी आला. आता अप्रेंटिस आहे, चार वर्षांतलं दुसरं चालू. पहाटे साडेपाचला जड बूट घालून निघतो, आणि पोळीभाजीचा डबा दुपारी कार पार्कात बसून खातो.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सवय होते. पुढं.

येताना एक मात्र कर, आपल्या नात्यात कुणी वायरमन, प्लंबर असेल आणि त्याला पुढंमागं इकडं यायचं असेल तर आजपासून कागद जमवायला सांग. माझा आतेभाऊ कळंब्याच्या आयटीआयचा, पंधरा वर्षं हाडाचं काम केलेला. कौशल्य तपासणीसाठी अनुभवाचे पुरावे मागितले तेव्हा हातात काय, तर दोन लेटरहेडवरची पत्रं आणि एका शोरूमचं बिल. बाकी सगळा रोखीचा व्यवहार. आठ महिने मी त्याच्या जुन्या मालकांना फोन करत होतो. 'अहो, पोरगा चांगलाय की, मी सांगतो तोंडानं,' असं प्रत्येक जण म्हणायचा. तोंडानं सांगितलेलं अपलोड होत नाही. आणि तपासणीत पास झाला असता तरी इथलं पूर्ण लायसन लगेच नाही. मधल्या काळात देखरेखीखाली काम आणि इथल्या नियमांचं वेगळं शिक्षण. त्यानं नाद सोडला. आता शिरोलीत मेन्टेनन्सला आहे, मजेत आहे म्हणतो.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा अप्पा एकाहत्तर वर्षांचे. पाणी उतरल्यावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ओळखीच्यांच्या घरी गेले, कुणी न बोलावता. मी व्हिडिओवर ओरडत होतो की ओल्या घरात शिरू नका. ते कॅमेरा बोर्डाकडं धरून घरवाल्या बाईंना सांगत होते, 'आक्का, मेन चालू करू नका, आधी हे सगळं उघडून वाळवायचं.' एक पैसा घेतला नाही. २०२१ च्या मे महिन्यात गेले. तेव्हा इथल्या सीमा बंद होत्या, भारतातली विमानंही अडकलेली. मी परसात मोबाइल धरून उभा होतो.

नातू वायरमन होतोय हे त्यांना सांगायचं राहिलं. मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं बोलत राहिलो त्यांच्याशी, शेवटच्या फोनपर्यंत.

तर टेस्टर. आण हवं तर, वजन काय त्याचं. अप्पांचा माझ्याकडं आहे. मुलानं तो एकदा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, बाबा, आमच्याकडं हे चालत नाही, आम्हाला मीटर लावूनच खात्री करावी लागते. आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवला, फडक्यात नीट गुंडाळून.

ओट्यावरची ती कोरी पट्टी तशीच आहे. इलेक्ट्रिशियन बोलावला तर तासाभरात पॉइंट सुरू होईल. बायको दर दिवाळीला चटणी वाटताना त्यावरून बोलते. मुलगा म्हणतो, लायसन हातात येऊ दे, मी करतो आणि दाखलाही देतो. अजून दोन वर्षं. तोवर मिक्सर जेवणाच्या टेबलावर चालतो.