निम्म्या किमतीचं गणित सोडा, आधी गाडीखाली वाकून बघा

वाईच्या एका गृहस्थांनी विचारलंय: २०१० ची पेट्रोल गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेत, निळा धूर मारते. वर्कशॉपने इंजिनाचं ६५ हजारांचं इस्टिमेट दिलंय, आणि विकायला काढली तर गाडीचे लाखभरच येतील. थोरला भाऊ म्हणतो, खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी ठेवू नये. मग दुरुस्त करू की काढून टाकू?

हा निम्म्याचा नियम मला तोंडपाठ आहे. आमच्या थोरल्या भाऊजींनी तो दिवाळीच्या फराळाला सगळ्या घरादारासमोर मला ऐकवला होता. नियम साफ चुकीचा आहे. विकून जे लाख रुपये हातात येतील त्यात दुसरी कोणती गाडी मिळणार? अशीच कुणाची तरी जुनी, फक्त तिच्या पोटात काय आहे ते तुम्हाला माहीत नसणार. खरी तुलना करायची ती ६५ हजारांची आणि नव्या गाडीच्या हप्त्याची. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला १२,६०० च्या आसपास हप्ता बसतो, नुसतं व्याजच दीड लाखावर जातं. म्हणजे पाच-सहा हप्त्यांत तुमचं इंजिन होऊन जातं, पुढचे हप्ते वाचतात.

आता माझं सांगते. माझी वॅगनआर २००९ ची. जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे मी, साताऱ्याहून मेढा, मेढ्यावरून पुढे केळघर घाट, असं रोजचं जाणं-येणं. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ कधी जुळली नाही, म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून, स्वतःच्या पगारावर घेतलेली गाडी. ती धूर मारायला लागली तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. प्लगसुद्धा न काढता त्यांनी निकाल दिला, रिंगा (पिस्टनभोवतीच्या, फट बंद ठेवणाऱ्या कड्या) गेल्या, पूर्ण इंजिन काम, ७० हजार. आणि हे सांगत होते कुणाला, तर सोबत आलेल्या आमच्या यजमानांना, ज्यांनी आयुष्यात स्टिअरिंग धरलेलं नाही. गाडी माझी, कर्ज मी फेडलेलं, घाट मी चढवते. तो राग अजून गेलेला नाही. त्यावर भाऊजी, "दाराशी हे भंगार शोभत नाही आपल्याला."

मग एका शिक्षक मित्राच्या सांगण्यावरून एमआयडीसीकडच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं. "मॅडम, धूर कधी येतो? सकाळी स्टार्ट मारल्यावर, का घाटात ॲक्सिलेटर दाबल्यावर पण?"

सकाळीच. रात्रभर उभी राहिली की पहिला भपका निळा, मग दिवसभर काही नाही.

"मग रिंगा कशाला गेल्या असतील?"

तुम्हीही हे बघा, कारण ६५ हजार आणि वीस हजार यांतला फरक इथेच आहे. व्हॉल्व्हचे रबरी सील वयाने कडक होतात. गाडी उभी असताना ऑइल तिथून थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी स्टार्ट मारल्यावर जळतं. रिंगा गेलेल्या असतील तर धूर चढाला, ओझ्यालाही येतो, ऑइलची पातळी भराभर उतरते. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. चारही प्लग काढले, एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, लावून आकडे पाटीवर खडूने लिहिले. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजते आणि काटा चांगला वर उडी मारतो. माझ्या गाडीचा काटा जेमतेम हलला. आकडे मुळातच चांगले होते.

त्यानंतर त्यांनी माझ्या पायाखालची मॅटिंग उचलली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरवर ठोकत गेले. टणटण वाजलं. जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी, सगळीकडे तसंच. "पत्रा धड आहे तोवर इंजिनाला खर्च करायला भ्यायचं नाही," म्हणाले. कौलं फुटली म्हणून कुणी घर विकत नाही, भिंतीच ढासळल्या तर मात्र कौलं बदलून उपयोग नसतो. व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, आणि घाटाने खाल्लेली क्लचप्लेट, सगळं मिळून वीस हजारांच्या आत झालं. २०२४ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत फिटनेस झाली, नूतनीकरणाची ५,००० फी आणि पर्यावरण कर भरला, पाच वर्षांची मुदत मिळाली. तुमचंही पासिंग संपायला आलंय किंवा संपलंय, तो खर्च आत्ताच धरा. वीस वर्षांनंतर तीच फी १०,००० आहे.

भाऊजींनी मधल्या काळात गाडी बदलली, पुन्हा बदलली. त्यांचा पैसा, त्यांची हौस, माझं काही म्हणणं नाही. पण शोभेच्या नावाखाली दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढवायचा सल्ला मी मानत नाही, आणि तुमच्या भावाचाही तुम्ही मानू नये. हप्ता भाऊच भरणार असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं सरसकट लागू नाही, हेही सांगायला हवं. पत्र्यात स्क्रूड्रायव्हर घुसत असेल तर एक रुपया घालू नका. कोकणात खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांचं बऱ्याचदा असं होतं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात कराड-सांगलीकडे पाण्यात बुडालेली गाडी असेल तरी काढून टाका, वायरिंगचे कनेक्टर आतून खात राहतात आणि दर पावसाळ्यात नवं दुखणं काढतात. आणि लहान मुलांना घेऊन सारखं हायवेने पुण्याला जाणं असेल तर तुमच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहेत का ते बघा. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२ पासून. तुमच्या साली स्वस्तातल्या मॉडेलना बहुतेक काहीच नसायचं. तिथे मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही.

धूर नुसता सकाळी येतो की पसरणी घाट चढतानाही, ते लिहिलेलं नाही तुम्ही. उद्या मागे कुणाला तरी उभं करून बघा आणि इथेच कळवा. वर्कशॉपला होकार त्याआधी देऊ नका.