बेपत्ता मुलाचे विधी केले, तर आपणच त्याला मेलेला ठरवले असे होते का?

बेपत्ता माणसाच्या घरचे लोक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द निरनिराळे असले तरी काळजी बहुधा एकच असते. त्याची खोली आवरली, त्याच्या नावाचे कागद मार्गी लावले किंवा गुरुजींना विचारून एखादा विधी केला, तर त्याच्या परत येण्याची वाट आपणच बंद केली असे होणार नाही का? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की इंदूरच्याच एका मराठी कुटुंबाची हकीकत लिहावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

या घरातला सतरा वर्षांचा मुलगा श्रावणात मित्रांबरोबर इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात गेला आणि परतलाच नाही. घाट चढताना तो मागे राहिला, एवढेच मित्रांना सांगता आले. पोलीस, वनखात्याची माणसे, पाणबुडे आणि आसपासच्या गावांतील आदिवासी बांधव यांनी कित्येक दिवस शोध घेतला; परंतु माळव्याचे पठार जिथे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते, तिथे पावसाळ्यात साग पानांनी भरलेला असतो, दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि चोरल नदीला पूर आला की तिचे पाणी बडवाहकडे नर्मदेला जाऊन मिळते. चप्पल, मोबाइल, दप्तर, काहीच हाती लागले नाही. तो बुडाला, वाट चुकला, कुणी नेला की स्वतःच निघून गेला, यांपैकी कोणतीही शक्यता आजवर निकालात निघालेली नाही.

आई ठामपणे म्हणत असे, ‘‘ताई, पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला आहे. त्यांना काहीतरी माहीत असल्याशिवाय का नोंदवतील?’’ ही समजूत मला अनेक घरांत भेटली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये असा आदेश दिला, की अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरूनच गुन्हा नोंदवावा. तपास लवकर सुरू व्हावा हा त्यामागचा हेतू आहे, पोलिसांजवळ पुरावा आहे असा त्याचा अर्थ नव्हे. हे समजावल्यावर आई रडल्या. पण न उलगडलेल्या गोष्टीला खोटा आधार देणे मला पटत नाही.

वडिलांचे टोक दुसरे होते. आजीने नातवंडांच्या नावे ठेवलेल्या जागेचा व्यवहार अडकला होता आणि सात वर्षे पूर्ण झाली होती. ‘‘मॅडम, कायदाच सांगतो की तो आता नाही. पितृपक्षात श्राद्ध करून टाकू, म्हणजे हिलाही शांत वाटेल.’’ यावर आई उत्तर देत नसत. खुर्ची थोडी वळवून बसत.

असे बरेच दिवस चालले. मग एकदा मी मुलाच्या धाकट्या बहिणीलाही बोलावले. ती बराच वेळ ओढणीशी चाळा करत होती आणि अचानक म्हणाली, ‘‘दहावीत मला ब्याण्णव टक्के पडले, तेव्हा घरात पेढे आले नाहीत. दादा आहे की नाही हे तुमचे ठरेपर्यंत मी घरात आहे की नाही?’’

त्या वाक्यानंतर कुणी बराच वेळ बोलले नाही, आणि मीही ती शांतता भरून काढली नाही. नंतर मी इतकेच विचारले, ‘‘तो आहे की नाही याबद्दल तुम्हा दोघांचे एकमत व्हायलाच हवे का?’’

वडील म्हणाले, ‘‘त्याशिवाय पुढे कसे जायचे?’’

‘‘पेढे आणण्यासाठी काय ठरवावे लागले असते?’’

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट हीच आहे, आणि ती या घराने पुन्हा सिद्ध केली याचे मला समाधान आहे. मृत्यूबद्दल एकमत होण्याची वाट पाहणारे घर तिथेच थांबते. आजचा दिवस कसा काढायचा याबद्दल एकमत झाले तरी ते चालू लागते. अमेरिकेतील कुटुंब-समुपदेशक आणि संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून या दुःखाचा अभ्यास सुरू केला. ‘तो कदाचित नसेल’ आणि ‘तो कदाचित येईल’ ही दोन्ही वाक्ये एकाच मनात राहू शकतात, हा त्यांचा विचार मला लवकर निरोप घ्यायला लावणाऱ्या उपचारांपेक्षा कितीतरी अधिक माणुसकीचा वाटतो.

विधीचा प्रश्न मी रामबागेतल्या त्यांच्या गुरुजींकडे सोपवला. त्यांनी सांगितले, की ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी साधारणपणे बारा वर्षे वाट पाहावी, त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार करावेत. आणि पुढे तो माणूस परत आलाच, तर जातकर्मापासूनचे, म्हणजे जन्मावेळच्या विधीपासूनचे संस्कार पुन्हा करून त्याला घरात घ्यावे, अशीही सोय धर्मशास्त्रात आहे. आई पुढच्या भेटीत म्हणाल्या, ‘‘म्हणजे जुन्या लोकांनीही परत येणाऱ्याचा विचार करून ठेवला होता!’’ त्या दिवशी त्या खुर्ची न वळवता बोलल्या.

कायद्याचेही असेच आहे. पूर्वीच्या साक्ष अधिनियमाचे कलम 108, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 111, सांगते की ज्यांना स्वाभाविकपणे खबर मिळाली असती त्यांना सात वर्षे काहीच कळले नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. हे न्यायालयापुरते गृहीतक आहे, माणूस परतला की ते गळून पडते. वडिलांनी जागेसाठी दावा दाखल केला. श्राद्ध मात्र केले नाही.

अशा घरांना मी सांगते, की शोधाचे काम आणि घरचे काम यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. पोलिसांकडे फाइलची चौकशी ठरलेल्या दिवशी करा, मुलाच्या खुणा आणि छायाचित्रे अद्ययावत करून द्या, बेवारस मृतदेहांशी पडताळणीसाठी आई-वडिलांचा डीएनए नमुना घेण्याची लेखी विनंती करा. भविष्य सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते दरवेळी नवी दिशा दाखवतात आणि बाप पुन्हा जंगलात जातो. नातेवाइकांनी ‘काही कळले का?’ असे दर भेटीत विचारू नये. त्यापेक्षा बारावीचे वर्ष कसे चालले आहे, हे धाकटीला विचारावे.