वाचक विचारतात : मानवी हक्क आयोग कितपत स्वतंत्र?

प्रश्न : ओळखीतल्या एका तरुणाला चौकशीसाठी नेऊन पोलिसांनी कसलीही नोंद न करता दोन रात्री डांबून ठेवले. मानवी हक्क आयोगाकडे जा, असे मी सुचवले, तर त्याचे वडील म्हणाले, "सरकारने नेमलेली माणसे सरकारला काय विचारणार?" आयोगाच्या हाती खरोखर काही असते का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे, पण ती नेमणुकीवर घेण्याऐवजी तपासावर घ्यायला हवी होती. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय आयोगाच्या नेमणुका ज्या समितीच्या शिफारशीवरून होतात, तिच्यात पंतप्रधान व गृहमंत्र्यांबरोबर दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेतेही असतात. शिवाय गैरवर्तनाच्या आरोपावरून अध्यक्षांना हटवायचे, तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी व्हावी लागते. आयोगाचा तपास मात्र सरकारने पुरवलेले पोलीस अधिकारी करतात, आणि त्यांतल्या अनेकांना पुढे आपल्याच खात्यात परतायचे असते. अशा संस्थेकडे स्वतःचे कर्मचारी असावेत, ही १९९३ सालीच संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या पॅरिस तत्त्वांची अपेक्षा आपल्याकडे अजून अपुरीच राहिली आहे, असे माझे मत आहे.

साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे, शपथेवर जबाब घेणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार चौकशीपुरते आयोगाला आहेत. शिक्षा तो देऊ शकत नाही. भरपाईची किंवा खटला भरण्याची शिफारस करतो, आणि त्यावर काय केले हे सरकारने साधारणतः महिन्याभरात कळवायचे असते. एवढ्यावर भागले नाही, तर त्याला न्यायालयात जाता येते. हा अधिकार लोक विसरतात, पण बडोदेकरांनी तरी तो विसरू नये. २००२च्या दंगलीत बडोद्यातील बेकरी जाळून माणसे मारली गेली, त्या बेस्ट बेकरी प्रकरणात २००३ साली सर्व आरोपी सुटल्यावर राष्ट्रीय आयोगाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २००४ साली त्या न्यायालयाने फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला.

तक्रार गांधीनगरच्या राज्य आयोगाकडे किंवा दिल्लीला, अशी एकाच ठिकाणी करावी, कारण राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. घटनेला वर्ष उलटण्यापूर्वी ती करावी. शुल्क नाही, आणि राष्ट्रीय आयोगाकडे मराठीतूनही लिहिता येते. पत्रात संतापापेक्षा तपशील हवा : कोणत्या ठाण्यात नेले, किती वाजता, कोणी पाहिले, आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले होते का. त्याबरोबरच ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण ताबडतोब मागवून घ्यावे, अशी स्पष्ट विनंती करावी. ते मागवण्याची मुभा आयोगाला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये सांगितले आहे, आणि जुने चित्रीकरण कायम जपून ठेवलेले नसते, म्हणून हे पत्र याच आठवड्यात जाऊ द्या.