कॅरिबियनला बेताच्या खर्चात जायचं तर नेमकं राहायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई, एप्रिलच्या सुट्टीत आठवडाभर कॅरिबियनला जाणार. खर्च बेताचा, सासूबाई पूर्ण शाकाहारी. बेट कोणतं निवडावं, आणि ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं-पिणं एकाच दरात) रिसॉर्ट घ्यावा की भाड्याचं अपार्टमेंट?

बेटाचं जरा बाजूला ठेवू. सकाळी चपला अडकवून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत काय काय गाठता आलं पाहिजे, ते आधी ठरवा. माझ्या हिशेबाने तीन गोष्टी: मुलीला घेऊन उतरता येईल असं पाणी, किराणा-भाजीचं दुकान, आणि जेवायला एक-दोन साध्या जागा. हे तिन्ही चालत असेल तर खोलीला रात्रीचे तीस डॉलर जास्त गेले तरी आठवड्याचा एकूण खर्च कमीच येतो. स्वस्त खोली डोंगरावर किंवा गावाबाहेर असते. मग किनाऱ्यावर जायला टॅक्सी, परत यायला टॅक्सी, रात्री जेवायला पुन्हा टॅक्सी. बेटांवरच्या टॅक्सीला बहुतेक ठिकाणी मीटर नसतो, आणि तुम्ही चार जण आहात. बुकिंगच्या साइटवर 'बीच दोन मैलांवर' असं लिहिलेलं असतं. नकाशात ते बोटभर दिसतं, पण भर दुपारी सासूबाईंना घेऊन चालून बघा.

आता पाण्याचं. हा मुद्दा लोक सर्रास विसरतात. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो ना, ते इथे वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे या बेटांची पूर्वेची, म्हणजे अटलांटिककडची बाजू खवळलेली असते आणि पश्चिमेची बाजू शांत. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावरचं बाथशेबा दिसायला अप्रतिम आहे, मोठमोठे खडक, फेसाळ लाटा. पण तिथे सर्फिंगवाले उतरतात, आपण नाही. अशा बाजूला खोल्या स्वस्त मिळतात आणि फोटोही देखणे असतात. फोटोत लाट दिसते, पाण्याची ओढ दिसत नाही. प्वेर्तो रिकोत सान हुआनच्या कोंडादो भागात उंच हॉटेलांच्या रांगेसमोरचं पाणी असंच ओढीचं आहे, तिथे माणसं बुडालेली आहेत. लहान मूल बरोबर असेल तर पश्चिमेचा किनारा, नाहीतर समोर प्रवाळाचा कठडा असलेला किनारा, आणि शक्यतो जीवरक्षक असलेला.

एप्रिल म्हटल्यावर सार्गासमबद्दलही सांगायला हवं. ही तपकिरी, तरंगती समुद्री शेवाळं. २०११ पासून जवळजवळ दर वर्षी वसंत आणि उन्हाळ्यात त्यांचे ढीगच्या ढीग किनाऱ्यांवर येऊन पडतात आणि कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास मारतात. पूर्वेकडे तोंड असलेले किनारे त्यात जास्त सापडतात: मेक्सिकोत कॅनकूनपासून तुलुमपर्यंतचा पट्टा, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता काना. म्हणजे नेमके ते, जिथले पॅकेज सगळ्यांत जास्त विकले जातात. तुमच्या आठवड्यात येईल की नाही हे आधी कुणी सांगू शकत नाही. म्हणून खोली घेतानाच किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, आणि पाहुण्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांतले मागच्या वर्षीचे मार्च-एप्रिलचे तेवढे वाचायचे.

ऑल-इन्क्लुझिव्हबद्दल माझं मत जरा कडवट आहे. दर माणशी असतो, आणि तोही दोघांनी एक खोली वाटून घेतल्याचा धरलेला. त्यात चार वेळचं खाणं आणि दिवसभर वाहणारी दारू धरलेली असते. सासूबाई पिणार नाहीत, मुलगी पिणार नाही, तुम्ही दोघं मिळून संध्याकाळी दोन बिअर घेणार. बाकी सगळ्या रिसॉर्टच्या रमचे पैसे तुम्ही भरायचे. जेवणात सासूबाईंच्या वाट्याला भात, फळं, सॅलड आणि पास्ता. पहिल्या दिवशी कौतुक, तिसऱ्या दिवशी "जरा वरण-भात मिळाला असता तर" सुरू. आणि जेवणाचे पैसे आधीच भरलेत म्हणून बाहेर पडावंसं वाटत नाही, म्हणजे बेट बघायचं राहूनच जातं. तरीही एका परिस्थितीत मी रिसॉर्टच घेईन: घरातल्या मोठ्या माणसाला फारसं चालवत नसेल, आणि मुलांना पोहण्याचा तलाव आणि घसरगुंडी मिळाली की बाकी जगाशी देणंघेणं नसेल. मग पुंता कानाची पॅकेज बघा, ती भागात सगळ्यांत स्वस्त पडतात. तिथेही बावारोमधल्या लोस कोरालेस वस्तीत छोटी अपार्टमेंट आहेत, किनारा चालत, खानावळी चालत.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती प्वेर्तो रिको. कारण कागदपत्रं. ती अमेरिकेचीच भूमी, त्यामुळे विमानप्रवास देशांतर्गत, सासूबाईंच्या व्हिजिटर व्हिसाला धक्का नाही. तुमच्यापैकी कुणाचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, मंजूर असून पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर इतर बेटं विचारातसुद्धा घेऊ नका. शिक्का संपलेला असताना परत येण्याची सवलत एच-१बीवाल्यांना मेक्सिको-कॅनडापुरती आहे, बेटांना नाही. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) मात्र जवळ ठेवा. डॉलर चालतो, फोनचा प्लॅन चालतो, गाडी चालवायचा परवाना तोच, आणि नूअर्क किंवा जेएफकेहून थेट चार तासांत पोचता.

तिथे कुठे? कोंडादो नको, महाग आहे आणि पाण्याचं वर सांगितलंच. ओशन पार्क छान, निवांत, पण जोडप्यांना जास्त शोभतं. तुम्ही इस्ला वेर्दे बघा. विमानतळाला अगदी खेटून आहे, त्यामुळे टॅक्सीचा खर्च किरकोळ. विमानांचा आवाज येतो, तो सहन करायचा. लांबलचक वाळू, किनाऱ्यावरच उंच इमारतींत भाड्याची अपार्टमेंट, खाली सुपरमार्केट, औषधांचं दुकान, बेकरी. पूर्वेच्या टोकाला बाल्नेआरिओ दे कारोलिना हा सार्वजनिक किनारा आहे, तिथे जीवरक्षक असतात. एक-दोन दिवसांपुरती गाडी भाड्याने घ्या आणि लुकीयोला जा. तिथला ला मोन्सेराते किनारा अर्धचंद्राकृती, प्रवाळाने आडोसा दिलेला, मुलीसाठी याहून बरं पाणी शोधून सापडायचं नाही. शेजारीच हमरस्त्यालगत खाण्याच्या टपऱ्यांची मोठी रांग आणि मागे एल युंकेचं पावसाळी जंगल. सगळा आठवडा गाडी ठेवू नका. इस्ला वेर्देत पार्किंगचीच डोकेदुखी.

खोलीचा दर बघताना कर धरा. प्वेर्तो रिकोत भाड्याच्या घरांना ७ टक्के, साध्या हॉटेलांना ९ आणि कॅसिनो असलेल्या हॉटेलांना ११ टक्के खोली-कर लागतो. हॉटेलं वर 'रिसॉर्ट फी' लावतात, अपार्टमेंटवाले साफसफाईचे पैसे. साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, म्हणून एकाच घरात आठवडा काढणं तीन-तीन रात्रींच्या दोन घरांपेक्षा स्वस्त.

स्वयंपाकघर हवंच. घेवड्याची उसळ दिसते म्हणून सासूबाईंना सरळ वाढू नका: प्वेर्तो रिकोत ती बऱ्याचदा हॅम घालून शिजवतात, आणि कच्च्या केळ्यांच्या मोफोंगोत डुकराच्या सालीचे कुरकुरीत तुकडे असतात. मेक्सिकोत परतलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. "सिन कार्ने, सिन मान्तेका", म्हणजे मांस नको, चरबी नको, एवढं पाठ करून जा. मी तर छोटा कुकर, मूगडाळ, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊनच निघते. सकाळचा नाश्ता आणि एक वेळचं जेवण घरी झालं तर एक वेळ बाहेर सढळ हाताने खाता येतं.

दुसरी पसंती बार्बाडोसचा दक्षिण किनारा. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी तिथे व्हिसा लागत नाही. अमेरिकेत परतायला सासूबाईंचा अमेरिकी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेवढं तपासा. पश्चिम किनाऱ्याला लोक 'प्लॅटिनम कोस्ट' म्हणतात, नावावरूनच आपण शहाणं व्हायचं. दक्षिणेला हेस्टिंग्ज, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप या सलग वस्त्यांत छोटी गेस्टहाउस आणि स्टुडिओ आहेत. वर्दिंगचं पाणी प्रवाळामुळे उथळ आणि शांत. मोठ्या रस्त्यावर बस आणि 'झेडआर' नावाच्या छोट्या व्हॅन सारख्या येत असतात, भाडं कुठेही जा साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी. व्हॅनमध्ये गाणी कानठळ्या बसवणारी, वेग त्याहून भयंकर. सासूबाईंना बसने न्या. किराणा मात्र महाग, कारण जवळजवळ सगळं बाहेरून येतं.

या तिन्हींत मेक्सिको सगळ्यांत स्वस्त पडेल, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असला की तिथला वेगळा व्हिसा लागत नाही. तिथे मी कॅनकूनच्या हॉटेल झोनमध्ये न राहता इस्ला मुहेरेस बेटावर राहीन. प्वेर्तो हुआरेस धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटं. गाव बेटाच्या उत्तर टोकाला, आणि प्लाया नोर्ते हा किनाराही तिथेच, म्हणजे गावातल्या साध्या खोलीतूनसुद्धा चालत किनारा. पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढं, आणि किनाऱ्याची दिशा अशी की सार्गासमचा त्रास कॅनकूनपेक्षा कमी. दिवसा गर्दी असते, संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे बोटीने परतले की गाव मोकळं होतं. तुलुम मात्र टाळा. तिथे किनारा एकीकडे आणि गाव काही किलोमीटर आत. गावात स्वस्त खोली घेतली की रोज टॅक्सीवाल्यांची दिवाळी.

किनाऱ्यावर जायचा हक्क हाही खर्चाचाच भाग. प्वेर्तो रिको, बार्बाडोस आणि मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत. मेक्सिकोने तर २०२० मध्ये वाट अडवणाऱ्या मालकांना दंड बसवणारी तरतूद केली. म्हणजे मागच्या गल्लीत राहून पुढच्या पंचतारांकित हॉटेलासमोरच्या वाळूवर तुम्ही बिनदिक्कत पंचा टाकू शकता. जमैकात तसं नाही. १९५६ च्या बीच कंट्रोल कायद्यामुळे तिथे जनतेला किनाऱ्याचा सर्वसाधारण हक्क नाही, बरेच चांगले किनारे हॉटेलांकडे आहेत किंवा तिकीट लावून आहेत. जमैकाच ठरलं तर नेग्रिलला थेट वाळूवरच असलेलं छोटं गेस्टहाउस घ्या.

मनातलं बेट विचाराल तर टोबॅगो. क्राउन पॉइंटच्या विमानतळातून बाहेर पडून स्टोअर बेच्या किनाऱ्यापर्यंत बॅग ओढत चालत जाता येतं, आजूबाजूला गेस्टहाउसच गेस्टहाउस. शिवाय १८४५ मध्ये 'फतेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर शेजारच्या त्रिनिदादमध्ये उतरले, त्यामुळे खाण्याची चिंताच नको: मऊ 'बारा', म्हणजे तळलेल्या छोट्या रोटीवर छोल्यांचं 'डबल्स', डाळ भरलेली दालपुरी, बटाट्याची भाजी. सासूबाई खूश होतील. पण त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनहून पुढे दुसरं विमान किंवा बोट, आणि त्रिनिदादमध्ये २०२४ च्या डिसेंबरपासून गुन्हेगारीमुळे आणीबाणी जाहीर होण्याचे प्रकार झालेत. एका आठवड्यासाठी, मुलगी आणि सासूबाईंसह, या खेपेला नको.

तारखा थोड्या हलवता आल्या तर ईस्टरनंतरचा आठवडा पकडा; ईस्टर उलटला की दर उतरू लागतात. शाळा आडवी येत असेल तर इलाज नाही.

इस्ला वेर्देतलं घर पक्कं करण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा: 'प्लांता' आहे का आणि 'सिस्तेर्ना' आहे का, म्हणजे जनरेटर आणि पाण्याची टाकी. २०१७ च्या मारिया वादळापासून तिथली वीज भरवशाची राहिलेली नाही. २०२४ चा ३१ डिसेंबर आणि २०२५ चा १६ एप्रिल या दोन्ही दिवशी जवळजवळ अख्खं बेट अंधारात होतं. सासूबाईंसाठी लिफ्ट लागेलच, तेव्हा जनरेटरवर लिफ्ट चालते का हेही विचारा. काही इमारतींत तो फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो, घरातला फ्रिज आणि एसी नाही. उत्तर लेखी घ्या, साइटवरच्या मेसेजमध्येच.