समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवर काम करायचंय, फिजिक्स ठेवू की जिऑलॉजी?

तुझं पत्र वाचलं. बीएस्सीला फिजिक्स आणि जिऑलॉजी दोन्ही आहेत, शेवटच्या वर्षाला एकच ठेवायचाय, डोक्यात खोल समुद्रातले गरम पाण्याचे झरे बसलेत, बाबा म्हणतात खनिजांचं काम म्हणजे जिऑलॉजीच घे, आणि वर तुला बोट लागते.

माझं स्पष्ट मत, फिजिक्स ठेव. बाबांचं अगदीच चूक नाहीये, पण या विषयात आधी उष्णता येते, खनिज नंतर. हे झरे शोधायला लोक गेले तेच मुळी हिशोब जुळेना म्हणून. समुद्रातल्या पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो, तो थंड होताना जेवढी उष्णता बाहेर पडायला हवी तेवढी मोजणीत सापडतच नव्हती, म्हणजे पाणी भेगांतून आत शिरून ती घेऊन येत असणार, आणि १९७७ ला गॅलापागोसजवळ अल्विन पाणबुडीतून झरे खरंच दिसले. ते कोमटच होते. १९७९ ला ईस्ट पॅसिफिक राइज या समुद्रातल्या पर्वतरांगेवर काळा धूर ओकणारी धुराडी सापडली, तिथे तापमान मोजायच्या दांड्याचं प्लास्टिकच वितळलं! नंतर आकडा आला ३५० डिग्रीच्या आसपास, आणि तरी पाणी उकळत नाही, कारण डोक्यावर अडीच किलोमीटर पाण्याचा दाब.

आता खनिजांचा साठा कसा बनतो ते बघ. आत गेलेलं पाणी तापलं की त्यातलं मॅग्नेशियम खडकात अडकतं, पाणी ॲसिडिक होतं आणि बेसाल्टमधून लोखंड, तांबं, जस्त ओढून घेतं, मग वर येऊन २ डिग्रीच्या पाण्यात मिसळलं की झटक्यात सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगाचे, कण बाहेर पडतात, तोच तो धूर. बहुतेक धातू त्या धुराबरोबर वाहूनच जातो, थोडाच जागेवर राहतो. धुराड्याची पहिली भिंत ॲनहायड्राइटची, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या खनिजाची, हे गरम पाण्यात कमी विरघळतं आणि थंड पाण्यात जास्त (हो, उलटंच आहे), त्या भिंतीच्या आतून तांब्याचं खनिज बसतं आणि जस्त बाहेरच्या कमी गरम भागात. झरा गार पडला की ॲनहायड्राइट परत विरघळतं आणि धुराडं ढासळतं. कुठे काय साठणार हे तापमान ठरवतं गं. ज्याला हे समीकरणात मांडता येतं तो जिऑलॉजी नंतर शिकतो, उलटं जरा जड जातं.

बोट लागण्याचं एवढं मनावर घेऊ नकोस, जहाजावरचे दिवस मोजकेच असतात, बाकी वर्षभर लॅब नाहीतर कॉम्प्युटर. सायप्रसच्या ट्रूडोस डोंगरात तर जुना समुद्रतळच वर आलाय, तिथे असल्याच झऱ्यांनी बनलेले तांब्याचे साठे जमिनीवर उभं राहून बघता येतात. मात्र समुद्रतळाच्या खाणींच्या भरवशावर करिअर आखू नकोस, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने शोध घ्यायचे करार केलेत पण व्यापारी खाणकाम सुरू झालेलं नाही. हीट फ्लोचं, म्हणजे जमिनीतून बाहेर येणाऱ्या उष्णतेचं, काम येत असेल तर जिओथर्मल एनर्जीतही (जमिनीतल्या उष्णतेपासून ऊर्जा) उपयोगी पडतं.

प्रोजेक्टला हे कर. थंड होणाऱ्या तळाचं एका दिशेचं हीट इक्वेशन पायथॉनमध्ये सोडव, वयाप्रमाणे उष्णता किती कमी व्हायला हवी तो ग्राफ काढ, आणि त्यावर जगभरच्या हीट फ्लो मोजणीचा डेटा टाक, तो फुकट डाउनलोड होतो. नव्या तळाच्या बाजूला बरेच ठिपके रेषेच्या खाली पडतील, ती तूट किती येते ते काढ आणि मग बाबांना तो ग्राफ दाखव.